तांबड्या भोपळ्याचं बी

दुष्काळानंतरच्या वर्षी मी शिरूरकडून वरवंडला सासरी आले, ती तांबड्या भोपळ्याच्या पाच बिया पदराच्या गाठीत बांधून. आई आदल्या हिवाळ्यात गेली होती. तिच्या हातच्या वेलाचं एवढंच उरलं होतं. माहेरी कुणी बी राखलं नव्हतं, त्यामुळे या पाच वाया गेल्या की संपलं.

परड्यात कोंबड्यांचा सुळसुळाट, म्हणून रोप आधी भांड्यात करायचं ठरलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या म्हणाल्या, "पळसाच्या द्रोणात लाव. येलाच्या मुळीला हात खपत न्हाई. द्रोणासकट खड्ड्यात ठिवायचं, पान कुजून जातंय."

"द्रोण आठ दिसांत लिबलिबीत व्हईल, आत्या. मला डबा द्या."

शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता ना! त्यांनी शेंगदाणे ओतून वनस्पती तुपाचा डबा मला दिला. घरात घट्ट झाकणाचा तेवढा एकच होता. मी त्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली.

चार बिया कुजल्या, एक उगवली. तिला चार पानं आल्यावर मी डबा आडवा धरून थोपटला. माती हलेना. तोंडाशी पत्रा आत वळलेला होता, तो मी बघितलाच नव्हता. ओढावं तर मूळ तुटणार. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

आत्यांनी बोल लावला नाही. सायकलच्या दुकानातून पत्र्याची कात्री आणली आणि डबा वरपासून खालपर्यंत कापला. बोटाला पत्रा लागला, तर ते पदरात गुंडाळून पुढं कापत राहिल्या.

"आत्या, तुमचा डबा..."

"डबा बाजारात मिळतोय. तुझ्या आईचं बी कुठं मिळायचंय?"

वेल लागला, छपरावर चढला. पहिल्या भोपळ्याच्या बिया आत्यांनी राखेत घोळून सुपात वाळत घातल्या. शेजारणीनं चार मागितल्या आणि विचारलं, "कुठलं वो बी ह्ये?"

"माझ्या लेकीच्या म्हायेरचं."

शेजारीण हसली. "आवं, लेकीचं म्हायेर म्हंजी तुमचंच घर की!"

"मंग? मी येगळं काय म्हणती?"

मी उंबऱ्यात उभी होते. डोळे इतके भरून आले, की सुपातल्या बियासुद्धा मला दिसेनात.