बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कराव्याच्या पेट्या

आई गेल्यावर बाबा सीवूड्सला माझ्याकडे राहायला आले, ते दोन बॅगा आणि आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. जाडजूड बटणं, लाकडी खोकं, वजन गॅसच्या सिलिंडरएवढं. त्याचे स्पीकर मात्र जुन्या घरात वाळवीनं खाल्ले होते.

नवऱ्यानं हौसेनं नवे, उंच, सडपातळ स्पीकर आणले. बाबांनी वायरी जोडल्या. दोन गाणी झाली आणि तिसऱ्याला अ‍ॅम्प्लिफायर तव्यासारखा तापून गप्प झाला.

"हे चार ओहमचे आहेत," बाबा स्पीकरच्या पाठीमागे वाकून म्हणाले. "आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला आठचे लागतात. चारवाले करंट जास्त ओढतात, म्हातारा दमतो."

मग शोध सुरू झाला. एरवी लिफ्टमध्येही कुणाशी न बोलणारे बाबा वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना जुने स्पीकर विचारू लागले. शेवटी सोसायटीच्या गेटवर मासे विकणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "माज्या घरान हायेत दोन मोठ्या पेट्या. दिरानं दुबईवरनं आनलेल्या. आता त्यांच्यावर टीव्ही ठेवलाय. न्या तुमी. पन पयलं तिथं वाजवून दाखवा."

रविवारी सकाळी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन रिक्षानं मावशींच्या गावात, कराव्याला गेलो. बाबांनी आधी पेट्यांना मीटर लावला. काटा सहाच्या जरा पुढे थांबला.

"आठचेच!" बाबा खूश. मला गोंधळलेली बघून म्हणाले, "मीटर थोडं कमीच दाखवतो गं."

सुरुवातीला आवाज पोकळ येत होता, ढोलकी कुठेतरी हरवल्यासारखी. बाबांनी कान लावला, एका पेटीच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केली, आणि ढोलकी थेट छातीवर आदळली. अंगणात जाळं विणत बसलेले मावशींचे यजमान जाळ्यासकट आत आले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली उतरले. मला वाटलं, आता भांडण. तर त्यांनी विचारलं, "आमचं पन एक गानं लावाल काय?"

तासभर नुसता धिंगाणा. मावशी तर पदर खोचून नाचल्या. मग धापा टाकत पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाबा, रागवू नका. मी नाय देत आता."

मी ओशाळून बाबांकडे पाहिलं. ते अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावरून रुमाल फिरवत होते.

"मग हा राहू दे इथंच," ते म्हणाले.

परतताना रिक्षात मला राहवलं नाही. "बाबा, तुमचा जीव आहे त्याच्यात!"

"आपल्या हॉलमध्ये जरा आवाज वाढवला की वरच्यांचा फोन येतो," बाबा बाहेर बघत म्हणाले. "आणि त्याचं एक बटण खरखरतंय. उद्या साफ करायला जायचंच आहे मला."

ते बटण अजून साफ होतंय. बाबा रोज संध्याकाळी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकून कराव्याला जातात. परवा उशीर झाला म्हणून मी फोन केला. मागे ढोलकी एवढी दणाणत होती, की त्यांना ओरडूनच बोलावं लागलं.

"तुम्ही जेवून घ्या! इथं बोंबलाचं कालवण झालंय!"

पुढचं काही ऐकू आलं नाही.