माझ्या मुलाने फुटबॉल सोडला नाही

गेल्या रविवारी गोंडपिपरी तालुक्यातील आमच्या गावी फुटबॉल स्पर्धेची अंतिम मॅच झाली. बक्षीस वितरणासाठी माझा मुलगा प्रवीण यास बोलावले होते. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नमूद करतो. प्रवीण हा व्यावसायिक फुटबॉलपटू होता. आश्रमशाळेच्या मैदानावर अनवाणी खेळणारा हा मुलगा पुढे नागपूरला आणि तेथून कोलकात्याच्या एका क्लबात गेला... तीन हंगाम तो तेथे खेळला. गावात इंटरनेट चालत नसे, म्हणून त्याची मॅच पाहण्यास आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन एका मोबाइलभोवती बसत असू.

आज तो गडचांदूरला एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर पहारेकरी आहे. वय एकतीस. जिना उतरताना कठडा धरतो.

रविवारी माइकवर बंडूभाऊ होते. ते म्हणाले, "आपला प्रवीण कोलकात्याले गेला, रसगुल्ले खाल्ले अन् वापस आला!" सगळे मैदान हसले. प्रवीणही हसला. मागून कोणी तरी ओरडले, "पळून आला म्हणा ना!"

बंडूभाऊंनी माइक त्याच्यापुढे धरला. "खरं सांग गा, काऊन सोडलं?"

प्रवीणने एकदा माझ्याकडे पाहिले. "मनच नाई लागलं भाऊ तिथी," तो म्हणाला. "आईची याद येत होती."

हे खोटे आहे... आणि ते खोटे आहे हे आमच्या घराबाहेर कोणालाही माहीत नव्हते.

मी हाडवैद्य आहे. माझ्या आजोबांपासून आमच्याकडे हाडे बसवण्याचे काम चालत आले आहे. हाडजोडीच्या वेलाचा लेप, बांबूच्या कामट्या आणि एकवीस दिवस. ज्याने बांधले त्यानेच सोडायचे, मध्ये दुसऱ्याचा हात लागता कामा नये, हा आमचा नियम.

सात वर्षांपूर्वी सराव करताना प्रवीणचा उजवा गुडघा फिरला. क्लबच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून सांगितले की आतील लिगामेंट तुटले आहे, ऑपरेशन करावे लागेल. तारीख ठरली. मधल्या चार दिवसांत तो आईला भेटण्यासाठी घरी आला आणि कुबडी टेकत अंगणात उभा राहिला.

ती कुबडी पाहून मला माझा अपमान झाल्यासारखे वाटले. अर्ध्या तालुक्याची हाडे मी बसवतो, आणि माझ्या मुलाचा पाय परका माणूस चिरणार?

"बाबा, हाड नाई तुटलं. अंदरची दोरी तुटली हाये," तो म्हणाला.

"तू मले शिकवतं का?" मी म्हणालो. तेवढ्यावर विषय संपला. आमच्या घरी माझ्यापुढे कोणी दुसरे वाक्य बोलत नसे.

मी गुडघा बांधला. पाचव्या दिवसापासून क्लबचे फोन येऊ लागले. "सोडून द्या बाबा, बोलावून राह्यले मले," तो म्हणाला. मी कामट्या सोडल्या नाहीत. एकवीस म्हणजे एकवीस... ऑपरेशनची तारीख गेली. फोन येणे थांबले. पुढे करार संपल्याचे पत्र आले.

बाविसाव्या दिवशी तो सरळ चालला, जराही लंगडला नाही. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एकट्याला मैदानावर नेले आणि म्हणालो, धाव. तो चांगला धावला... चेंडू घेऊन वळला आणि जागीच कोसळला. मी म्हणालो, सवय मोडली आहे, ऊठ. असे मी त्याला महिनाभर, गाव जागे होण्याआधी, उठवत राहिलो.

चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे नेले तोवर गुडघ्यातील गादीही फाटली होती. लिगामेंट तुटलेला माणूस सरळ चालू शकतो, फक्त वळू शकत नाही, हे त्यांनी मला न रागावता समजावून सांगितले. ऑपरेशन झाले, ते आम्ही गावात कोणाला कळू दिले नाही. चालण्यापुरता गुडघा मिळाला, खेळण्यापुरता मिळाला नाही.

गावाने त्याला सरळ चालताना पाहिले होते. गावाने ठरवले की वैद्याने पाय बरा करून दिला, तरी पोरगा परत गेला नाही. मी कोणाचीही समजूत दुरुस्त केली नाही. सात वर्षे.

रविवारी प्रवीणच्या त्या उत्तरानंतर माझे नाव पुकारण्यात आले. खेळाडूंच्या हातापायांची इतकी वर्षे सेवा केल्याबद्दल माझा सत्कार होता, हे मला आधी कळवले नव्हते. शाल प्रवीणच्या हाती देण्यात आली. त्याने ती माझ्या खांद्यांवर नीट पसरली आणि पाया पडण्यास वाकला. वाकताना त्याचा उजवा पाय मागे ताठच राहिला... तो पुरता दुमडत नाही.

माइक माझ्या समोर होता. मी "धन्यवाद" म्हणालो आणि खाली बसलो.

घरी आल्यावर मी त्याला सांगितले की मी खरे ते लिहिणार आहे. तो कितीतरी वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "काऊन लिहिता बाबा? लोकं येनं बंद करतील. मंग तुम्ही दिवसभर काय करान?"

त्याला माझ्या दिवसांची काळजी होती. आजवर त्याने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि कदाचित अजूनही माझेच बरोबर आहे असे मानत राहिलो असतो.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. हा मजकूर मी स्वतः, मोबाइलवर एका बोटाने, तीन दिवसांत लिहिला आहे. ज्यांचा गुडघा फिरला असेल त्यांनी माझ्याकडे येऊ नये. आधी चंद्रपूरला जाऊन तपासून घ्यावा.

आणि रविवारी जे हसले त्यांना सांगतो... प्रवीण पळून आला नव्हता. तो चार दिवसांसाठी आला होता. त्याचे परतीचे तिकीट काढलेले होते. मी त्याला जाऊ दिले नाही.