बदकांचा बाप

न्योमन रेनेंग स्वतःला बदकांचा बाप म्हणवून घ्यायचा. बालीत ताबानानकडे भाताची कापणी झाली की सांडलेला दाणा आणि गोगलगाई खायला तो आपला कळप खाचरात सोडी. मधोमध उंच बांबू रोवी, शेंड्याला पांढरं फडकं बांधलेलं, आणि मग खुशाल ताणून देई. फडकं उभं आहे तोवर एकही बदक बांध ओलांडायचं नाही. संध्याकाळी लांबवर घराच्या आवारभिंतीवर बायको, मुर्नी, कॉफीचा पेला ठेवी. पेला दिसला की रेनेंग बांबू खांद्यावर टाकून लगबगीने निघे आणि मागून बदकांची रांग.

"आवाज ओळखतात पोरं माझा," तो म्हणे.

"फडकं ओळखतात," मुर्नी म्हणे. "धुते मी ते."

देवळाच्या उत्सवात मिरवणुकीला एक निशाण कमी पडलं. मुखिया रिंबून खाचराशी येऊन बांबूकडे बघत म्हणाला, "दे की रे देवाला. का, बदकं पळतील?"

चारचौघांत असं विचारल्यावर रेनेंग मागे हटतोय कसला! त्याने बांबू उपटून दिला. "न्या खुशाल! बाप इथे असताना पोरं जातायत कुठे?"

पोरं गेली. ढोल-झांजांच्या मागून, नैवेद्याच्या परड्या डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या पुढे, एका ओळीत. अख्ख्या मिरवणुकीत शिस्त काय ती तेवढीच होती. रेनेंग बांधावरून बोंबलत राहिला, पण एकानेही मान वळवली नाही.

देवळात निशाण उभं राहिलं तशी बदकं त्याच्याभोवती जमली आणि नैवेद्याच्या भातावर तुटून पडली. रिंबून भडकला. "उभारलेलं निशाण उत्सव संपेपर्यंत उतरत नाही. दिवस मावळायच्या आत यांना हलव. नाहीतर देवाचं खाल्लंय, देवाची झाली. उद्या पंगतीला वाढू."

त्या कळपावरच तर रेनेंगचं घर चालत होतं. त्याने हाका मारल्या, लाडीगोडी लावली, शेवटी सगळ्या गावासमोर रांगत 'क्वॅक क्वॅक' केलं. एक बदक उठलं. हसणारे सगळे माना उंचावून बघू लागले. ते पलीकडच्या परडीकडे गेलं. मग मात्र रेनेंगला रडू फुटलं.

तेवढ्यात मुर्नी लांब दांड्याचा झाडू घेऊन आली.

"काका," ती रिंबूनला म्हणाली, "बांबू देवाला दिलाय. फडकं माझं आहे."

"उतरवता येत नाही गं पोरी."

"राहू दे मग. इकडचा भात संपलाच आहे, आता मोठ्या नैवेद्याकडे वळतील."

रिंबूनने स्वतःच्या हाताने बांबूचा शेंडा वाकवून फडकं सोडवून दिलं. मुर्नीने ते झाडूला बांधलं, उंच धरलं आणि मागे न बघता चालू लागली. कळप गुमान तिच्या मागे गेला.

रेनेंग देवळाच्या दारातच बसून राहिला. "मी नाही येत जा! ओळख ना पाळख, कसला बाप!" तो तिच्या पाठीमागे ओरडला. लोकांनी समजूत काढली, जेवायला बोलावलं. तो हलेना.

उन्हं उतरली. खाचरांपलीकडे भिंतीवर कॉफीचा पेला दिसला.

"अरे, कुठे निघालास? पानं वाढलीत!" कुणीतरी ओरडलं. रेनेंग बांधावरून दुडक्या चालीने केव्हाच पुढे गेला होता.

रिंबून डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. "एक मागे राहिलं होतं," तो म्हणाला. "तेही गेलं."