कोकमाची पट्टी आणि मार्गदर्शक

त्या केंद्राचं नाव निघालं की मला आधी आठवतात त्या रंगीत चिठ्ठ्या. सहा आठवडे आम्ही दहा-बारा जण त्या चिठ्ठ्यांवर आमचे 'ग्राहक' लिहून भिंतीला चिकटवत होतो, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते खाली पडत होते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. आई मिरकरवाडा बंदरावर मासे विकते. कोकमाच्या सालीचा रंग कागदाच्या पट्टीवर चढवून ती माशाच्या डब्यात ठेवली, तर मासा खराब होऊन अमोनियासारखा वायू सुटू लागताच तिचा लाल रंग निळसर करडा होतो, हे मला कॉलेजात असतानाच दिसलं होतं. किती खराब झाल्यावर किती बदलतो, ते मोजायचं राहिलं होतं. रत्नागिरीत नव्या उद्योजकांसाठी केंद्र निघालंय, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन दोन्ही मिळतं, असं कळलं म्हणून अर्ज केला.

प्रयोगशाळा होती. रंग मोजायचं यंत्रही होतं, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. उद्घाटनाचे पाहुणे ठरत नाहीत, तोवर ते उघडायचं नाही असा निर्णय होता. नमुन्यांच्या फ्रीजमध्ये सरबताच्या बाटल्या होत्या. केंद्रातले साहेब हे इतक्या सहज सांगत, की मीच काहीतरी गावंढळासारखं मागतेय असं वाटे.

मार्गदर्शक शनिवारी पुण्याहून येत. त्यांनी स्वतः कधी काही बनवून विकलं होतं का, हे मी आडून आडून विचारून पाहिलं. उद्योग कसा करावा हे शिकवणं, हाच त्यांचा उद्योग होता. माशाला ते 'प्रॉडक्ट' म्हणत आणि नाकाला रुमाल लावत.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी आम्हाला ग्राहक समजून घ्यायला बंदरावर नेलं. हातात छापील फॉर्म. नेमके ते माझ्या आईसमोर जाऊन उभे राहिले. माशाचा ताजेपणा दाखवणारी पट्टी मिळाली तर वापराल का मावशी, असं त्यांनी विचारलं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मला पट्टी कशाला, साहेब? मला नाक हाय," आई म्हणाली. "पट्टी लागेल ती गिऱ्हाईकाला. आणि ते समोर उभं ऱ्हाऊन माजा मासा हाताळून घेतं. जिथे हाताळता येत नाय तिथे द्या."

सहा आठवड्यांत कामाचं असं हे एकच वाक्य मी ऐकलं. मार्गदर्शकांनी फॉर्मवर लिहिलं, 'तंत्रज्ञानाला विरोध'. ही माझी आई आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आईने, ते साहेब मासे खातात काय, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली.

शेवटच्या दिवशी दुपारी परीक्षकांसमोर सादरीकरण होतं. आईने सकाळी बांगडा दिला होता, बर्फात ठेवलेला. तो ताजा होता, त्यामुळे पट्टी लालच राहिली. म्हणजे ती आपलं काम चोख करत होती. मार्गदर्शक मात्र अस्वस्थ झाले. लाल पट्टी लालच राहिली तर परीक्षक बघणार काय, असं त्यांचं म्हणणं. ते आत जाऊन काचा पुसायची अमोनियाची बाटली घेऊन आले.

"कापसाचा बोळा भिजवून माशाखाली ठेवा, मॅडम. यात फसवणूक काही नाही. याला सादरीकरण म्हणतात."

मी ठेवला. दोन मिनिटांत पट्टी करडी झाली, टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस हापूसच्या झाडाशी मोबाइलवरून बोलता येईल, असं सांगणाऱ्याला गेलं.

पेपरात बांगडा आणि करड्या पट्टीसकट माझा फोटो आला. आईने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सकाळचा बांगडा दुपारी कसा काय खराब झाला गो?"

मी सगळं सांगितलं. सगळा दोष मार्गदर्शकांवर ढकलला.

"त्याला काय कळतंय," ती म्हणाली. "तुला कळत होतं."

त्या माणसाची मला आजही कीव येत नाही, किळसच येते. पण बोळा माझ्या हाताने ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी बक्षिसाची ढाल केंद्रात परत दिली आणि माझ्या जुन्या कॉलेजात गेले. तिथल्या प्रयोगशाळेच्या सहायक बाईंनी काही न विचारता कोपऱ्यातलं टेबल रिकामं करून दिलं. त्यांच्याकडचं यंत्र जुनं होतं, पण उघडं होतं. रोज सकाळी आईचे बांगडे घेऊन मी तिथे बसले आणि दर दोन तासांनी रंग मोजत राहिले. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या आपोआप विटल्या, तेव्हा सगळं पहिल्यापासून केलं.

आता आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या माशांच्या पेट्यांमध्ये तीन व्यापारी माझ्या पट्ट्या टाकतात. घाटावरच्या गिऱ्हाईकाला पेटी येईपर्यंत मासा दिसतही नाही. ही जागा आईनेच दाखवली होती.

मध्यंतरी केंद्राच्या माहितीपत्रकात 'आमच्या यशस्वी उद्योजक' म्हणून मीही छापून आले. नाव काढा म्हणून फोन केला, तर केंद्रातले साहेब म्हणाले, छापून झालंय, आणि नव्या लोकांना प्रेरणा मिळते. कसली, ते मी विचारलं नाही.