तिसऱ्या टॉर्चचा पांढरा उजेड

मी तिसरा टॉर्च लावला आणि सेतुराव खुर्चीतून उठलेच.

"हाच," ते म्हणाले. "दूध आहे रे हे दूध. आणखी कसा पाहिजे?"

भिंतीवर गोल, पांढरा उजेड पडला होता. मधे डाग नाही, कडेला रंगीत कड नाही. सोल्डरिंग करणारी सेल्वी काळ्या पडद्यातून डोकावली आणि मला धाकट्या भावासारखी हाक मारत तमिळमध्ये म्हणाली, "तंबी, हा लावून माझा एक फोटो काढ. लग्नाच्या स्थळांना पाठवते." मला एवढं बरं वाटलं की टॉर्च बंद करायचंच विसरलो.

मी आटपाडीकडचा. नववीत शाळा सुटली. आमच्या भागातली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला, देशभर जातात. मीही चुलत्यांबरोबर तंजावरला आलो. ॲसिडचा धूर मला सोसला नाही. खोकून खोकून बेजार झालो तेव्हा सेतुरावांनी आपल्या टॉर्चच्या वर्कशॉपमध्ये ठेवून घेतलं. त्यांचं घराणं मराठी राजांच्या वेळेपासून इथलं. मराठी बोलतात ते जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून, पण "जेवलास का रे?" रोज विचारतात. ते उपकार मी विसरणार नाही.

माझं काम टेस्टिंगचं. त्या वेळी एका ट्रस्टला पापनाशमकडच्या खेड्यांत फिरणाऱ्या नर्सेससाठी टॉर्च हवे होते. सेतुरावांनी सरळ सांगितलं होतं, "साधे टॉर्च बाहेरून स्वस्त येतात. ही ऑर्डर मिळाली तर तुझा बेंच राहील, संभा. नाही तर नुसतं रिपेरिंग उरेल, त्यास सेल्वी पुरे." मी मनात समजलो. म्हणजे परत भट्टी.

टॉर्चच्या काचेतून आत बघितलं तर डाळीएवढा पिवळा चौकोन दिसतो. तो एलईडी एमिटर. टॉर्चची सगळी अक्कल त्यात. चेन्नईच्या डीलरने तीन जातींचे सॅम्पल पाठवले होते. रिळातून कापलेले तुकडे, पाकिटावर नुसता कोड. फोनवर तो म्हणाला, "सगळे व्हाइटच आहेत, बघून घ्या." मोठ्या कंपन्यांकडे उजेडाचा रंग मोजायची मशिनं असतात. आमच्याकडे नुसता उजेड किती ते मोजणारा एक लक्स मीटर, एक अंधारी खोली आणि एक भिंत.

दोन गोष्टी बघायच्या. पहिली एफिशियन्सी, म्हणजे एका वॉटमध्ये किती उजेड निघतो. मोटारसायकलचं ॲव्हरेज बघतो तसंच. दुसरी बीम, म्हणजे झोत कसा पडतो आणि कुठल्या रंगाचा. पहिला एमिटर ॲव्हरेजला सगळ्यांत भारी, पण झोत मधे निळा आणि कडेला पिवळा. अशा टॉर्चने घसा बघायचा तर जीभ दोन रंगांची दिसायची. दुसरा मधला. झोत एकसारखा, पण भिंतीवर थंड, निळसर वाटायचा. तिसरा ॲव्हरेजला सगळ्यांत कमी, पण पांढराशुभ्र. सेतुराव म्हणाले, "चार्जिंग थोडं लवकर संपेल, संपू दे. नर्सला दिसलं पाहिजे." दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये मी पुष्कळ वेळा अदलाबदल करून बघितली. दर वेळी तिसराच पांढरा. आम्ही तिघांनीही तेच बघितलं.

ट्रस्टकडून सिस्टर जयंती आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला जड बॅग. पंख्याखाली बसायला सांगितलं तर तमिळमध्ये म्हणाल्या, "बसायला आले नाही. टॉर्च दाखवा."

मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि तिसरा लावला. भिंतीकडे बघून त्यांनी मान हलवली. "चांगला दिसतो. पण मी भिंती तपासत नाही. इकडे ये, तंबी. आ कर."

घसा बघितला. मग खालची पापणी बोटाने ओढून डोळ्यात झोत टाकला.

"ठीक. डोळे स्वच्छ," त्या म्हणाल्या. "बाहेर चल, उन्हात एकदा बघते. आमची सवय आहे ती. बाळंतिणीच्या घरी गेलं की बाळाला आधी दारात आणायचं. टॉर्च पावसाळ्यासाठी. तेव्हा ऊन कुठून आणणार?"

अंगणात नारळाच्या झाडाखालून मी उन्हात आलो. सकाळी आत जायचो ते संध्याकाळीच बाहेर पडायचो, त्यामुळे डोळे दिपले. सिस्टरने परत पापणी ओढली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अय्यो."

"काय झालं, सिस्टर?"

"जेवण जातं का तुला?"

"नाही. सांबाराचा वास आला तरी मळमळतं. उन्हाळ्यामुळे असेल."

"लघवी?"

मी सेतुरावांकडे बघितलं. सेल्वीही दारात उभी होती. "गडद," मी हळूच म्हणालो.

"मंजळ कामालै," सिस्टर म्हणाल्या. मंजळ म्हणजे हळद हे मला ठाऊक होतं, पुढचा शब्द नवा. बाकीचं सेतुरावांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"कावीळ," ते म्हणाले. "अरे देवा, मुला, डोळे हळदीसारखे झालेत तुझे!"

मी सिस्टरकडे बघितलं. पण सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या, हातातल्या टॉर्चकडे बघत होत्या. मला दंडाला धरून त्यांनी परत अंधारात नेलं आणि तिसऱ्याचा झोत डोळ्यात टाकला. "सर, तुम्ही बघा."

सेतुराव वाकले. एक डोळा बघितला, मग दुसरा. "पांढरे," शेवटी म्हणाले. "छे! हे कसं?"

"हा टॉर्च घेऊन माझ्या मुली पावसाळ्यात बाळांना बघणार होत्या," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मला पहिल्यांदा वाटलं ते काविळीचं नव्हे. वाटलं, संपलं. ऑर्डर गेली, बेंच गेला. तरी तोंडातून निघालं, "सिस्टर, पण उजेड पांढरा आहे. भिंतीवर बघा ना."

सिस्टरने बॅगेतून कापसाची गुंडाळी काढली, तिच्यातला एक तुकडा भिंतीला टेकवून धरला आणि म्हणाल्या, "टाक झोत."

मी झोत टाकला. भिंत पांढरी. कापूस पिवळा. देवघरातल्या समईच्या उजेडासारखा पिवळा.

"कापूस जुना आहे का?" सेल्वीने विचारलं.

"आजच फोडलाय," सिस्टर म्हणाल्या.

सेतुरावांनी कपाळावर हात मारला. "नीळ! पोंगलच्या सणास चुना दिला तेव्हा त्या रंगाऱ्यास मीच म्हणालो, नीळ जास्त घाल, भिंत उजळ दिसेल. अवघी भिंत निळी आहे रे ही!"

सगळं उलगडलं. आमच्याकडेही चुन्यात नीळ घालतात, म्हणजे पांढरं जास्त पांढरं वाटतं. निळ्या भिंतीवर पिवळा उजेड पडला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि डोळ्याला पांढरं दिसतं. आम्ही सगळ्यांत पिवळा एमिटर सगळ्यांत पांढरा म्हणून निवडला होता. आणि पिवळ्या उजेडात सगळंच पिवळट, मग डोळ्यातला पिवळेपणा वेगळा दिसणार कसा?

मी बेंचवरून दुसरा टॉर्च उचलला, थंड म्हणून बाजूला टाकलेला. कापसावर झोत टाकला. कापूस कापसासारखा दिसला. टॉर्च सिस्टरच्या हातात दिला आणि स्वतःच पापणी ओढून उभा राहिलो.

त्यांनी डोळ्यात बघितलं. मग सेतुरावांना बघायला लावलं.

"पिवळे," सेतुराव म्हणाले. आयुष्यात वाईट बातमी कुणी इतक्या समाधानाने दिलेली मी ऐकली नाही.

"हा चालेल," सिस्टर म्हणाल्या. "दिवसभर पुरेल?"

"तिसऱ्यापेक्षा जास्त पुरतो, सिस्टर. ॲव्हरेज चांगलं आहे."

"मग हेच पाठवा. आणि सॅम्पल मी घेऊन जाते." सॅम्पल म्हणजे टॉर्च असं समजून मी तो पिशवीत घालायला लागलो. त्यांनी माझा दंड धरला. "तू, तंबी. रक्त तपासायचंय."

सेल्वी हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

बाहेरच्या खराब पाण्याने होते ती कावीळ निघाली, तिला औषधापेक्षा पडून राहणंच जास्त. सेतुरावांनी मला गलाईच्या खोलीवर जाऊ दिलं नाही. त्यांच्या घरी माडीवर ठेवलं, काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ताक-भात पाठवायच्या. घरी फोन केला तेव्हा आईला नुसतं थंडीताप म्हणालो. पडल्या पडल्या एकच विचार यायचा. सिस्टरने उन्हात नेलं नसतं तर? ते टॉर्च गावोगाव गेले असते, आणि आम्ही इथे भिंतीकडे बघून खूश.

दुसऱ्या एमिटरचे टॉर्च ट्रस्टला गेले. बेंच राहिला. त्यानंतरच्या पोंगलला सगळ्या वर्कशॉपला नीळ घातलेला चुना दिला, टेस्टिंगच्या भिंतीला मात्र साधा. ती मळकट दिसते. सेल्वी म्हणते, "घरात मोठा सण आणि या भिंतीला नवी साडी नाही." म्हणू दे.

कुठलाही एमिटर आला की आधी मी कापूस बाहेर उन्हात नेऊन बघतो, मग आत झोताखाली. शिकलो ते एवढंच. उजेड कसा आहे हे विचारण्याआधी तो कशावर पडलाय ते बघावं. आणि दिवसातून एकदा स्वतःही उन्हात जाऊन उभं राहावं.