वसुधाचे पेढे

पेढा न खाता किती वेळ हातात धरता येतो, हे मी परवाच्या शनिवारी पाहिलं.

आम्ही पाच जण पीएचडीवाले. दर शनिवारी विभागाच्या वाचनालयात जमून लिहिलेली पानं एकमेकांना वाचून दाखवतो आणि धीर देतो. धीर म्हणजे खरं तर वसुधा. तिचं दुसरं प्रकरण काही केल्या संपत नव्हतं. "वसुधा, कुठवर आलं गं?" हे आम्ही इतक्या मायेनं विचारायचो, की तिचे डोळे भरून यायचे. "तिथंच आहे," ती म्हणाली की सगळ्यांचे खांदे सैल व्हायचे. माझं तिसरं प्रकरण रखडलेलं असायचं, पण निदान तिसरं तरी!

आजाऱ्याला भेटून बाहेर पडलं की चहा जरा जास्तच गोड लागतो. बुडत्याला काडीचा आधार लागतो म्हणतात. काठावरच्यांना कुणीतरी बुडता लागतो, हे मात्र कुणी म्हणत नाही.

मधले काही महिने वसुधा आलीच नाही; अजून तिथंच असेल, असं आम्ही धरून चाललो. त्या शनिवारी तिनं प्रबंध सादर केल्याचे पेढे आणले. "तुम्ही होतात म्हणून झालं रे," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तिनं प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, आणि तो तिथंच राहिला. बोटांना तूप लागलं तरी कुणी तोंडात घालेना. नजरा टेबलाभोवती काहीतरी शोधत फिरल्या आणि एकेक करत माझ्यापाशी येऊन थांबल्या.

महेशनं आपला पेढा तोंडात टाकला. मग अगदी मायेनं विचारलं,

"तुझं कुठवर आलं गं?"