जाई आणि फ्राऊ माउशी

आमची चार मराठी घरं दर शनिवारी कुणाकडे तरी जेवायला जमतात. काम म्हणाल तर पिठलं आणि गप्पा. पण दोन वर्षांपूर्वी त्या गप्पांत जाई शिरली आणि किस्स्यांचा नुसता ढीग झाला. एकानं सांगायला घेतलं की दुसरा म्हणतो, "थांब, तू चुकीचं सांगतोयस!" आणि पोळ्या गार होतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

जाई सहा वर्षांची असताना महाराष्ट्रातल्या एका बालगृहातून इथे जर्मनीत आली. सबीना आणि थोमास या जर्मन जोडप्यानं तिला दत्तक घेतलं. त्यांचं गाव नेकारसुल्मपासून पाऊण तासावर. एक चर्च, एक बेकरी आणि दिवसातून चार बस!

*

मी नेकारसुल्मच्या सुपरमार्केटमध्ये मसूर डाळ शोधत फोनवर बहिणीशी बोलत होते. एक गोरी बाई जवळजवळ धावतच आली. "एंटशुल्डिगुंग, माफ करा, ही मराठी आहे का?"

तिच्या हातात चिठ्ठी होती. जाई बोलेल ते शब्द तिनं जर्मन अक्षरांत लिहून ठेवले होते. 'नको' तिला कळला होता. एका शब्दावर बोट ठेवून ती म्हणाली, "पण हा? 'शी'? आमच्याकडे स्कीला 'शी' म्हणतात. आम्हाला वाटलं, तिला स्कीइंगला जायचंय."

"मग?"

"मग थोमासनं तळघरातून स्की काढून आणल्या."

"जूनमध्ये?"

"हो. पण... तोवर उशीर झाला होता."

मी रॅकला धरून हसले. मग तीही हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसतेय म्हणाली. डाळ राहिली तिथेच, मी तिच्या गाडीत बसून तिच्या घरी गेले.

*

पहिल्या शनिवारी जाई आमच्याकडे आली. माझ्या अर्णवला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. जाईनं त्याला नाव विचारलं, तो जर्मनमध्ये बोलला. भाजी हवी का विचारलं, पुन्हा जर्मन!

जाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "काकू, याला मराठी येत नाही? कुठून आणलाय?"

श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताक पिता पिता ठसका लागला. त्या दिवसापासून अर्णव मराठी बोलतो. फक्त जाईशी आणि फक्त भांडताना!

*

जाईला तेल लावून वेणी कशी घालायची, ते मी सबीनाला शिकवलं. तिनं घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकायची नाही. थोमास गावच्या हौशी अग्निशमन दलात आहे. तो बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! हे तर आम्ही दोरांचं करतो."

पुढच्या शनिवारी त्यानं घातलेल्या वेणीनं जाईच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. सोडायला मला दहा मिनिटं लागली. थोमास अभिमानानं म्हणाला, "या वेणीला धरून दोन माणसं खिडकीतून उतरतील!"

पुढे सबीनानं शेजारच्या गावांतली आणखी दोन कुटुंबं गोळा केली. त्यांच्याही मुली भारतातून दत्तक आलेल्या. आता शनिवारी तीन पोरी थोमाससमोर रांगेत बसतात आणि मी तेलाची वाटी धरून उभी. मला कुणी हात लावू देत नाही.

*

बालगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशीच. म्हणून जाई सबीनालाही मावशी म्हणायची. सबीनाचा समज असा की मराठीत आईला मावशी म्हणतात! ती इतकी खूश की गावभर सांगत सुटली. शाळेतल्या बाईंना वाटलं, हे आडनाव. त्या रोज सकाळी म्हणायच्या, "गुटन मॉर्गन, फ्राऊ माउशी!"

एका शनिवारी बोलण्याच्या भरात मीच बोलून गेले की मावशी म्हणजे आईची बहीण. मी जीभ चावली, पण गेलेला शब्द गेला.

"मग आईला काय म्हणतात?"

"आई."

तिनं तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला.

श्रीरंग म्हणाला, "सोपं आहे, मी सांगतो जाईला, आई म्हणत जा."

"नाइन, नाही," सबीना म्हणाली. "सांगून नको."

दीड वर्ष ती 'मावशी'ला ओ देत राहिली. जाई जर्मनमध्ये फाडफाड बोलू लागली, तेव्हा नुसतं 'सबीना' म्हणायला लागली. ही बाई मात्र फ्राऊ माउशी म्हणून शाळेत केक नेऊन द्यायची.

*

गावच्या बेकरीवाल्या बाईंचा जाईला दर वेळी एकच प्रश्न. "तू खरी कुठली गं?" सबीना लाल व्हायची. मी तर एकदा पाव न घेता बाहेर पडले.

जाईचं जर्मन शेजारच्या आजींकडून आलेलं, म्हणजे अस्सल गावठी. एक दिवस तिनं त्याच गावठी हेलात ठणकावलं, "फो दहोइम!" म्हणजे, घरून!

मागची रांग हसली. बाईंनी एक ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, तिच्या हातात दिला. आता तो प्रश्न त्या फक्त मला विचारतात!

*

गेल्या शनिवारी आम्ही सबीनाकडे जमलो होतो. जाई मैदानावरून कोपर खरचटून आली आणि थेट मला ओढत बाथरूममध्ये घेऊन गेली. मी जखम धुवायला घेतली.

"काय झालं गं?"

"वर्गातली एक मुलगी म्हणाली, सबीना तुझी खरी कुणी नाहीये."

"मग?"

"मग मी ढकललं. मग तिनं ढकललं." जाईनं कोपरावर फुंकर मारली. "काकू, आमच्या आईला सांगू नका हं."

माझा हात थांबला. "का गं?"

"ती लगेच रडते."

दारात सबीना उभी होती, हातात बँडेजची डबी. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

जाईनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग वैतागून मला म्हणाली, "बघा! सांगितलं होतं ना!"